खिळ्यावरच्या चाव्या

नमस्कार मंडळी! आपल्या वस्तीचं बरं चाललंय की नाही हे मोजायचं कसं, आज त्यावर बोलूया. नुसत्या जीडीपीवरून ते कळत नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत बसवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच 1934 मध्ये हे बजावलं होतं. पुढे 1990 मध्ये मानव विकास निर्देशांक आला, उत्पन्नासोबत आयुर्मान आणि शिक्षण धरलं. भूतान अजून पुढे गेलं, लोक किती आनंदी आहेत हेच मोजायला लागलं, 9 क्षेत्रं, 33 निकष, तिथे झोप किती होते हेही विचारतात आणि शेजाऱ्यांवर विश्वास किती आहे तेही. शेजाऱ्यांवरचा विश्वास, हे लक्षात ठेवा.

माझी आत्या लालबागच्या चाळीत राहायची. दाराच्या आत एक खिळा आणि त्यावर अख्ख्या मजल्याच्या चाव्या. पोरं शाळेतून आली की आत्या, सिलिंडर आला की आत्या, कोणी गावाला गेलं की तुळशीला पाणी घालायला पण आत्याच. मग रिडेव्हलपमेंट झालं, टॉवर उभा राहिला, घर मोठं मिळालं, संडास घरात आला, आणि ही काही छोटी गोष्ट नाही हो, पहाटे बादली घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला विचारा, म्हणून चाळच बरी होती असं मी कधीच म्हणणार नाही. पण दारं बंद झाली. गणपतीला गावी निघाली तर चावी द्यायला कोणीच नाही, पर्समध्ये टाकून गेली बिचारी.

परत आल्यावर तिने काय केलं, गावचे दोन नारळ घेतले, समोरची बेल वाजवली आणि म्हणाली, “ही माझ्या घराची चावी, राहू दे तुझ्याकडे.” ती नोकरीवाली मुलगी, नाव पण माहीत नव्हतं, गोंधळली, पण ठेवली. आधी आत्याने दिली, मागितली नाही! दिवाळीच्या आत त्या मुलीची चावी आत्याच्या नव्या खिळ्यावर आली, मग शेजारच्या जोशी काकूंची.

आणि टॉवरच्या लॉबीत कारंज्याला जागा असते, शेजाऱ्यांनी बसून बोलायच्या बाकड्याला का नसते? माझं तर स्पष्ट मत आहे, प्रत्येक मजल्यावर एक बाकडं हवंच.

तर सर्व्हेत घर किती स्क्वेअर फूट हे विचारता ना, त्याखाली अजून एक रकाना टाका, चावी किती शेजाऱ्यांकडे ठेवू शकता? रिडेव्हलपमेंटच्या आधी विचारा, नवीन घरात दोन वर्षं झाली की परत विचारा. आकडा खाली आला असेल तर बिल्डर सोसायटीला पुढच्या खर्चासाठी देतो त्या कॉर्पस फंडासारखा तोही सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडायला लावा.