तबल्याच्या थापेवर खटका

नमस्कार श्रोतेहो. फोटोग्राफरला रेडिओवर बोलायला बोलावलंय म्हटल्यावर घरचे हसले. पण हल्ली माझं जे काम चाललंय ते डोळ्यांइतकंच कानांचं आहे, म्हणून आले.

बेळगावात मी फ्रीलान्स काम करते. लग्नं, मुंजी, बारशी यांवर घर चालतं आणि त्यातून सवड काढून मी या भागातल्या लोककलांचे फोटो काढते. सध्या जीव अडकलाय तो श्रीकृष्ण पारिजातात. हा कन्नड खेळ नावारूपाला आणणारे तम्मण्णा आपल्याच जिल्ह्यातल्या कुलगोडचे. नारदानं आणलेलं फूल कृष्ण रुक्मिणीला देतो आणि सत्यभामा पेटते, एवढीच गोष्ट. पण भांडण सगळं गाण्यातून, त्यामुळं खेळ रात्रभर चालतो. पुढ्यात घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यांना पदं पाठ असतात. मी स्टेजकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघते. पद वळायच्या आधी ह्यांच्या माना हलतात, मग सत्यभामेचा हात उठतो. तेवढ्यात बोट तयार ठेवायचं.

आता पंचाईत अशी, की आलाप चालू असताना कॅमेऱ्याचा खटका वाजला तर पुढच्या रांगेतून लगेच "ओ बाई!" येतं. आवाज बंद करावा तर मांडवातले एलईडी दिवे दगा देतात. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून स्वस्तातले दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण बिनआवाजी शटरनं काढलेल्या फोटोत सत्यभामेच्या तोंडावर काळे पट्टे उमटतात. म्हणून मी खटका चालूच ठेवते, शटर 1/100 सेकंदावर आणते आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर दाबते. तबल्याची थाप पडते, त्यात तो आवाज जिरून जातो. बांगड्या जरा धूसर येतात. येऊ देत, त्या हलतच होत्या की!

वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असते तेव्हा मात्र खटक्याची फिकीर नाही, ढोल-ताशांत माझंच मला ऐकू येत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गल्लीतली पोरं सजीव देखावा करतात. वध झाल्यावर अफजलखान उठून चहा मागतो, तो फोटो मला वधापेक्षा आवडतो.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावरचं काम वेगळं. मार्गशीर्ष पौर्णिमेला "उदं गं आई उदं" करत गर्दी लोटते, भंडारा उधळतात. तो लेन्सच्या फटीत जाऊन बसतो. आधी ब्लोअरनं उडवायचा, कापड लावलंत तर काचेवर घासला जातो. पण खरी जपणूक जोगतिणींची, म्हणजे देवीला सोडलेल्या बायकांची. देवाला मुली सोडण्याविरुद्ध कर्नाटकात 1982 मध्ये कायदा झाला. ज्यांचं आयुष्य त्याआधीच त्या वाटेला लागलं, त्या आज म्हाताऱ्या झाल्यात. भंडाऱ्यानं माखलेला तो चेहरा बाहेरून आलेल्या कॅमेऱ्यांना फार आवडतो. न विचारता तोंडाजवळ लेन्स नेतात. मी आधी शेजारी बसते, चौंडकं ऐकते. काखेत धरलेला तो लाकडी नळा, तळाला कातडं, त्यातून वर ताणलेली तार. एकीनं चेहऱ्याला नको म्हटलं, तारेवरच्या बोटांना हो म्हटलं. तेवढेच फोटो घेतले, आणि मला तरी ते पुरेसे वाटतात.

पैशाचं एक सांगते, नव्या पोरांना उपयोगी पडेल. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसला, तर हक्क पैसे देणाऱ्याचा, फोटो काढणाऱ्याचा नव्हे. एका उत्सवाच्या फ्लेक्सवर माझा फोटो दिसला. नाव माझं नव्हतं ते सोडा, गाणाऱ्या बाईंचंही नव्हतं. पुढाऱ्यांची मात्र ओळीनं. तेव्हापासून कागदावर दोन ओळी लिहून घेते: हक्क माझे, आणि कलाकाराचं नाव छापायचंच.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या ट्रंकेत पारिजाताच्या, भजनी मंडळाच्या, गल्लीतल्या नाटकाच्या जुन्या फोटोंचा गठ्ठा असेलच. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा, कोण कोण आहेत ते विचारा, आणि मागच्या बाजूला नाव, गाव आणि अंदाजे साल लिहा. पेन्सिलनं, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो.