चेसिस नंबर आधी, पैसे नंतर

नमस्कार मंडळी. विषय नेमका आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. तुम्ही नवी गाडी बुक करता, पूर्ण पैसे भरता आणि डीलर त्याच मॉडेलची जुनी आवृत्ती तुमच्या हाती देतो. गाडी कोरी असते, सीटवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नसतं. पण कंपनीने नंतर केलेल्या सुधारणा तिच्यात नसतात, किंवा ती वर्षभर यार्डात उभी असते. अशा वेळी कायदा आपल्याला काय देतो आणि दिलेला हक्क आपल्या हातून कसा निसटतो, ते मला आज सांगायचंय.

चाकण, पिंपरी, रांजणगाव ही नावं रोज कानावर पडत असल्यामुळे पुण्यातल्या माणसाला वाटतं, गाडी कारखान्यातून निघाली की सरळ शोरूमला येते. तसं नसतं. डीलर कंपनीकडून गाड्या विकत घेतो, बहुतेक वेळा कर्ज काढून, आणि त्या शहराबाहेरच्या यार्डात उभ्या करतो. उभ्या गाडीवर व्याज चढत राहतं. त्यातच कंपनीने सुधारित आवृत्ती जाहीर केली, की यार्डातला जुना माल पटकन काढायची घाई सुरू होते. आणि त्याच वेळी आपण जाऊन सांगतो, ‘काही करा, पण पाडव्याला गाडी दारात पाहिजे.’ दसऱ्याला, धनत्रयोदशीलाही हेच. मुहूर्ताची गाडी घ्यावी, माझा त्याला मुळीच विरोध नाही. पण मुहूर्त गाठायचाय हे सेल्समनला कळलं, की ‘हीच गाडी तयार आहे, बाकीच्यांना दीड महिना लागेल’ हे वाक्य ऐकायला मिळतंच.

आता प्रकार नीट वेगळे करू, कारण तक्रार घेऊन येणारे बरेच जण यातच गोंधळतात. पहिला प्रकार उत्पादनाच्या वर्षाचा. गाडी मागच्या वर्षी बनली आणि या वर्षीची म्हणून दिली. जानेवारीत मागच्या डिसेंबरची गाडी विकणं हा गुन्हा नाही. सांगून, किंमत कमी करून विकली तर तो स्वच्छ व्यवहार आहे. लपवून विकली तर नाही. दुसरा प्रकार जास्त अवघड: वर्ष तेच, आवृत्ती जुनी. एप्रिल २०२३ मध्ये बीएस-६ चा, म्हणजे गाड्यांच्या धुराबाबतच्या सरकारी नियमांचा, दुसरा टप्पा लागू झाला, तेव्हा फेब्रुवारीत बनलेली गाडी आणि मे महिन्यात बनलेली गाडी यांचं वर्ष एकच होतं, पण गाड्या सारख्या नव्हत्या. त्यामुळे नुसतं वर्ष पाहून भागत नाही, महिनाही पाहावा लागतो. तिसऱ्या प्रकारात तुम्ही जी गाडी मागितली तीच मिळाली, आणि पंधरा दिवसांनी कंपनीने नवी आवृत्ती आणली. हळहळ वाटते, मला समजतं, पण तेवढ्यावर तक्रार टिकत नाही. तुम्ही लेखी विचारलं होतं आणि माहीत असूनही डीलरने खोटं सांगितलं, तर गोष्ट वेगळी.

कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा २०१९, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या कलम २(४७) मध्ये आहे, आणि जुना माल नवा म्हणून भासवणं हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत तर महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. ‘तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आम्ही सांगितलं नाही’ हा बचाव त्यामुळे लंगडा पडतो. याशिवाय १९३० चा मालविक्री कायदा आहे. वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे, हे त्याचं कलम १५. बुकिंग फॉर्मवर, कोटेशनवर जे लिहिलंय ते म्हणजे वर्णन.

यावर डीलर माहितीपत्रकातली बारीक अक्षरातली ओळ दाखवतो: ‘पूर्वसूचनेशिवाय बदल करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते.’ ती ओळ कंपनीला गाडीत बदल करायची मोकळीक देते. नव्या गाडीचे पैसे घेऊन जुनी गाडी द्यायची परवानगी डीलरला तिच्यातून मिळते, असं मला तरी कुठल्याही वाचनात दिसत नाही.

गोव्यातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. निकाल फेब्रुवारी २०२१ चा. ग्राहकाने २०११ ची नवी गाडी म्हणून पैसे भरले होते. डीलर देत होता ती गाडी २००९ ची होती, ६२२ किलोमीटर चाललेली, खालच्या बाजूला गंजलेली. खालच्या ग्राहक मंचांनी डीलर आणि टाटा मोटर्स दोघांनाही जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं. कारण कंपनी आणि डीलर यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता, आणि डीलरने काय केलं हे कंपनीला ठाऊक होतं, असं ग्राहकाने मांडलेलंही नव्हतं आणि सिद्धही केलेलं नव्हतं. डीलरची जबाबदारी मात्र सुटली नाही. या निकालातून मी घेतलेला धडा असा: फसवणूक लक्षात येईल त्याच दिवशी डीलरला पाठवलेल्या मेलची प्रत कंपनीच्या ग्राहक विभागालाही जाऊ द्या. मग ‘आम्हाला काही माहीतच नव्हतं’ असं म्हणणं कंपनीला निदान तिथून पुढे तरी जड जाईल.

आमच्या मार्गदर्शन केंद्रात धायरीच्या एक शिक्षिका आल्या होत्या. डीलरचं नाव घेत नाही. त्यांनी गाडी ठरवली ती सहा एअरबॅगसाठीच, कारण आईला घेऊन त्यांचं कोल्हापूरला सतत जाणं-येणं. डिलिव्हरीला हार, पेढे, नारळ, फोटो, सगळं झालं. घरी आल्यावर भाचा गाडीत बसला आणि दरवाजांमधल्या खांबाच्या आवरणावर बोट फिरवू लागला. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते तिथे आवरणावर एअरबॅगची अक्षरं कोरलेली असतात. तिथे काहीच नव्हतं. मागच्या खांबावरही नाही. अक्षरं होती ती फक्त स्टीअरिंगवर आणि समोर डॅशबोर्डवर. म्हणजे दोनच. मग टायर पाहिले. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते नव्या आवृत्तीच्या घोषणेच्या कितीतरी आधीचे निघाले. टायरवरून गाडीची तारीख सिद्ध होत नाही, संशय मात्र पक्का होतो. फॉर्म २१, म्हणजे डीलरचं विक्री प्रमाणपत्र, काढून पाहिलं. त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. डीलरने स्वतःच्या सहीने जुना महिना लिहून दिला होता, आणि पेढ्यांच्या गडबडीत तो कागद फाइलमध्ये तसाच राहिला होता.

बाईंनी पुढे जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्याच रात्री मेल केला: ‘मी अमुक आवृत्ती बुक केली होती, तमुक मिळाली, मी ही गाडी स्वीकारत नाही, घेऊन जा.’ सोबत बुकिंग फॉर्म आणि खांबाचे फोटो. गाडी सोसायटीत झाकून ठेवली, किल्ली कपाटात. डीलरचं उत्तर आलं, ‘मॉडेल तेच आहे, किरकोळ फरक आहे.’ फरक असल्याची ही लेखी कबुलीच होती. वकिलाची नोटीस गेल्यावर डीलरने ती गाडी परत घेतली.

गाडी झाकून ठेवण्याला एवढं महत्त्व का? मालविक्री कायद्याचं कलम ४२. वाजवी मुदतीत नाकारल्याचं कळवलं नाही आणि माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. एकदा स्वीकारला की सहसा भरपाई मागता येते, माल परत करायचा हक्क क्षीण होतो. आठ महिने गाडी वापरून, दोन सर्व्हिसिंग करून मग ‘बदलून द्या’ म्हणणाऱ्याला ग्राहक आयोगाने किमतीतला फरक आणि नुकसानभरपाई दिली, तरी नवी गाडी मिळणं कठीण. उलट कलम ४३ सांगतं की नाकारलेला माल विकणाऱ्याकडे पोचवायची जबाबदारी तुमच्यावर नाही, नकार कळवला की पुरे. डिलिव्हरीच्या वेळीच शंका आली आणि तरीही गाडी न्यावी लागली, तर पोचपावतीवर ‘हरकत राखून’ असं लिहा, मगच सही करा.

पण हे सगळं नंतरचं. मला खरा आग्रह धरायचाय तो आधीच्या एका गोष्टीचा. हल्ली बहुतेक गाड्यांचं पासिंग डिलिव्हरीच्या आधीच होतं. एम एच बारा किंवा चौदाचा नंबर पडला, की डीलर म्हणतो, ‘आता तुमच्या नावावर झाली, बदलता येणार नाही.’ बँकेचे पैसेही तोवर परस्पर डीलरच्या खात्यात गेलेले असतात. म्हणून बाकी रक्कम भरण्याआधी आणि पासिंगला कागद जाण्याआधी तुमच्या गाडीचा सतरा अक्षरी चेसिस नंबर आणि उत्पादनाचा महिना लेखी मागा. यार्डात जाऊन तो नंबर गाडीवर स्वतः पाहा. बऱ्याच कंपन्यांच्या नंबरात दहावं अक्षर वर्षाचं असतं: २०२३ साठी पी, २०२४ साठी आर, २०२५ साठी एस. पण भारतात सगळ्या कंपन्या ही पद्धत पाळत नाहीत, म्हणून अक्षरावरून भांडू नका, लेखी उत्तरच घ्या. बुकिंग फॉर्मवर नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही. आवृत्ती, उत्पादनाचा महिना ‘अमुकनंतरचा’, आणि ज्या सोयीसाठी गाडी घेताय ती सोय, हे हाताने लिहून डीलरच्या माणसाची सही घ्या. जो डीलर एवढं लिहून द्यायला कां कूं करतो, त्याच्याकडे पैसे अडकवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तक्रार करायची वेळ आलीच, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच. पाच लाखांपर्यंत फी नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४००. गाडी मुंबईच्या डीलरकडून घेतली असली तरी तुम्ही पुण्यात राहत असाल तर पुण्यात तक्रार चालते, ही सोय २०१९ च्या कायद्याने आणली. ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. कायदा म्हणतो की तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवा. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी याच पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हा यातलं काहीच हाताशी नव्हतं. पहिला ग्राहक संरक्षण कायदा यायला १९८६ उजाडलं.

शेवटी एक, कारण हा प्रश्न दर वेळी येतो: ‘गाडी नाकारली, मग हप्ता भरायचा का?’ भरायचा. कर्ज तुमचं आणि बँकेचं आहे, भांडण तुमचं आणि डीलरचं. हप्ता थांबवलात तर सिबिल तुमचं खराब होईल, डीलरचं काही बिघडणार नाही. भरलेला प्रत्येक हप्ता आणि त्यावरचं व्याज मात्र जपून नोंदवा आणि तक्रारीत नुकसान म्हणून मागा. फॉर्म २१ चा कोरा नमुना मी टेबलावर ठेवलाय. उत्पादनाच्या महिन्याचा रकाना कुठे असतो, ते जाताना पाहून घ्या.