एका घरातले सहा टोंगळे

[पडदा काळा. फक्त आवाज. लांबवर कोंबडा, खाटेची करकर आणि मग एक बारीक 'कट्'.]

हा आवाज हाडाचा आहे. पहाटेचे साडेपाच झालेत. वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या अलीकडच्या एका गावात माझी मोठी आई उठते आहे. आधी ती खाटेच्या काठावर बसते. दोन्ही तळहात टोंगळ्यांवर दाबते, अंग पुढे झोकते आणि 'हे माय' म्हणत उभी राहते.

टोंगळा म्हणजे गुडघा. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी हे एकदाच सांगून ठेवतो. पुढे मी टोंगळाच म्हणणार आहे, कारण इथे दुखतो तो टोंगळाच.

या घरात माणसं तीन. बासष्ट वर्षांची मोठी आई, तिचा अडतीस वर्षांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, आणि ब्याऐंशी वर्षांचे आबाजी. एकूण टोंगळे सहा. धड किती, ते मोजायला मी कॅमेरा घेऊन आलो आहे.

[कापसाचं वावर. डिसेंबरचं ऊन. बायकांची रांग, सगळ्या वाकलेल्या.]

पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, वरची बोंडं उभ्याने हाताला येतात. खालची येत नाहीत. म्हणून बाई कमरेत वाकते आणि मग वाकलेलीच राहते. बोंडाची वाळलेली टोकं बोटांत शिरतात, त्याची तर कोणी गणतीच करत नाही. कमरेला ओटी बांधलेली असते. सकाळी ती रिकामी, तासाभरात पोटावर उशी बांधल्यासारखी, आणि आणखी थोड्या वेळात सहा-आठ किलोंची. हे वजन पुढे लोंबतं आणि तोलावं लागतं मागच्या स्नायूंनी, तेही वाकलेल्या पाठीने.

ओटी लवकर रिकामी का करत नाही? मी विचारलं.

मोठी आई म्हणाली, "गंजीपर्यंत जाऊन येऊन दोन किलो कापूस होते. तो कोन देईन?"

मजुरी किलोवर आहे. कंबर सरळ करायला जो वेळ जातो, तोही किलोतच मोजला जातो. दुखण्याचं मूळ शोधायला आपण एक्स-रे काढतो. माझ्या मते निम्मं मूळ या हिशोबात आहे.

वेचणी झाली की निंदण आहे, सोंगणी आहे, चुलीपुढे उकिडवं बसणं आहे. गड्यांचं वेगळं. सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की पाठीवर सोळा किलो पाणी आणि पंपाचं स्वतःचं वजन वर. युरियाची बॅग पूर्वी ५० किलोंची होती, आता ४५ ची आहे. पाच किलो कमी झाले, पण उचलायची पद्धत तीच. लांबूनच हात घालायचे आणि झटका मारायचा. बॅग आधी पोटाजवळ ओढून घेतली आणि टोंगळे वाकवून उचलली, तर कंबर वाचते. हे कळायला पैसे लागत नाहीत. पण ट्रॅक्टर उभा असतो, चार माणसं बघत असतात, आणि वीस वर्षांच्या पोराला त्या वेळी कंबर आहे हे आठवतच नाही.

[सेवा केंद्र. टेबल, प्रिंटर, बाहेर चपलांचा ढीग.]

हा दादा. सातबारा, केवायसी, पीक विमा, पोरांचे दाखले. सकाळी नऊला बसतो. सर्व्हर चालू असला तर कामासाठी बसतो, बंद पडला तर सर्व्हरची वाट बघत बसतो. विम्याची शेवटची तारीख जवळ आली की रात्रीचे बारा. खुर्ची प्लास्टिकची, तिच्यावर जुन्या सतरंजीची घडी.

मोठी आई त्याच्याकडे बोट दाखवून म्हणते, "याचं बरं हाय. सावलीत बसून पैशे."

याचेही टोंगळे दुखतात. जिना उतरताना जास्त. मान आखडते. पाच-सहा वर्षांत पोट पुढे आलं, आणि त्या पोटाचं बिल टोंगळ्यांना भरावं लागतं. अंगावरचं एक किलो वजन उतरलं, तर चालताना दर पावलाला टोंगळ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. उलटा हिशोबही तसाच.

आता गंमत बघा. एक बाई दिवसभर हलते, तिचा मुलगा दिवसभर हलत नाही, आणि दोघांच्या उशाशी वेदनेच्या मलमाची एकच ट्यूब.

[पाण्याची बादली. हात फडकं बुडवतात, पिळतात.]

हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळतं सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून, आणि ते आत शिरतं दाब पडला, दाब सुटला, या खेळातून. घर पुसायचं फडकं पिळलं की पाणी बाहेर, सोडलं की पुन्हा आत. दादाचं फडकं दिवसभर कोणी पिळतच नाही. मोठ्या आईचं उकिडवं बसून दाबून ठेवलेलं असतं, तासन् तास कोणी सोडत नाही.

एवढ्यानेच सांधे जातात असं नाही. वय आहे, घराण्यातून आलेला भाग आहे, कधीकाळी बैलगाडीवरून पडल्याचा मार आहे. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर हे दुखणं अधिक दिसतं. पण रोज उकिडवं बसून किंवा ओझी उचलून काम करणाऱ्यांचे टोंगळे जास्त झिजतात, हे आता नीट माहीत झालेलं आहे.

तरी गावात तुम्ही कोणत्याही राबणाऱ्या बाईला व्यायामाबद्दल विचारा. उत्तर एकच येईल.

"दिवसभर वावरात राबतो ना मी. आखीन कायचा व्यायाम करू, बाप्पा?"

मलाही वर्षानुवर्षं हे पटत होतं. घाम आला म्हणजे व्यायाम झाला. पण आखाड्यातला पोरगा वजन स्वतः निवडतो, हळूहळू वाढवतो, दुखलं तर थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या अंगाला आराम देतो. स्नायू भरतो तो त्या आरामात. वावरात वजन दुसरं कोणी ठरवतं, थांबलं तर मजुरी जाते आणि दुसऱ्या दिवशी तेच अंग तिथेच वाकतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगितलेत. मोठ्या आईचा हा कोटा सोमवारी दुपारच्या भाकरीआधीच पुरा होतो. त्याच कागदावर पुढे आहे, आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि पासष्टीनंतर निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचा. हा रकाना घरात तिघांचाही कोरा.

[घरापुढचा ओटा. उंची साधारण खुर्चीएवढी. मोबाईलवर सेकंद पळताहेत.]

एका संध्याकाळी आम्ही परीक्षा घेतली. दवाखान्यांत वापरतात ती साधी चाचणी. हात छातीवर घडी, ओट्यावर बसायचं, पूर्ण उभं राहायचं, पुन्हा बसायचं. तीस सेकंदांत किती वेळा, ते मोजायचं. हाताचा टेकू घेतला की गुण शून्य.

दादा सतरा वेळा उठला आणि मग पाच मिनिटं त्याला बोलता येईना.

आबाजी दहा वेळा उठले. पण मध्ये एकदा काठी टेकली. मी शून्य लिहिलं. आबाजी रुसले. "शून्य कायले? दहा झाले ना!" दादा म्हणाला, "काठी टेकली त आउट." चहा होऊन गेल्यावर ते स्वतःच परत आले, काठी माझ्या हातात दिली आणि नऊ वेळा उठले. ऐंशी ते चौऱ्याऐंशीच्या पुरुषाने दहा गाठावेत, असा दवाखान्यांचा ठोकताळा आहे. एकाने हुकले.

मोठी आई आठ वेळा उठली. तिच्या वयाच्या बाईसाठी बारा लागतात.

क्विंटलने कापूस वेचलेली बाई ओट्यावरून बारा वेळा उठू शकली नाही. तिची बोटं, तिची चिकाटी, तिचा दम, सगळं कापसाने कमावून ठेवलंय. मांडीचा पुढचा स्नायू मात्र राहून गेला. टोंगळ्याला सांभाळतो तोच.

आणि आबाजी? ते चार बकऱ्या घेऊन धुऱ्याधुऱ्याने फिरतात. चालतात, थांबतात, दगडावर बसतात, बकरी दुसऱ्याच्या तुरीत घुसली की उठून धावतात. कोणतीच गोष्ट फार वेळ नाही. त्यांच्या अंगाला ते मानवलेलं दिसतं.

[अमरावती. मैदान, मल्लखांबावरची मुलं.]

आपल्या विदर्भाला व्यायाम नवा नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलं. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूने मल्लखांब आणि देशी खेळ करून दाखवले होते. गावोगावी आखाडे होते, लेझीम होतं. पण तो सारा मामला लंगोट बांधलेल्या पोरांचा. लग्न झालं की आखाडा सुटायचा. सुनेसाठी, सासूसाठी, साठीच्या म्हाताऱ्यासाठी काय, हा प्रश्न कोणाला पडला असेल असं वाटत नाही.

आता गावात शाळेजवळ खुली व्यायामशाळा आली आहे. हिरवी-पिवळी लोखंडी यंत्रं. पोरं तिच्यावर झोके घेतात, एका दांड्यावर दुपट्टे वाळतात. मोठ्या आईला म्हटलं चल. ती म्हणाली, "लुगडं नेसून त्यावर चढू? गाव हासंन."

खरं आहे. तिच्यासाठी व्यायाम घराच्या आतच हवा.

[खाट. मोठी आई पाय लांब करून बसलेली. टोंगळ्याखाली गुंडाळलेला दुपट्टा.]

हा व्यायाम नीट बघा, कारण याच्यात बघण्यासारखं काहीच दिसत नाही. दुपट्ट्याची गुंडाळी टोंगळ्याखाली. टोंगळा तिच्यावर दाबायचा, मनात पाच मोजायचे, सोडायचा. मांडीवर हात ठेवला तर स्नायू दगडासारखा होतो ते कळतं. दहा वेळा या पायाने, दहा वेळा त्या. मग खाटेच्या काठावर बसून पाय समोर सरळ, पुन्हा पाच मोजायचे. पहिले आठ दिवस एवढंच. नंतर ओट्यावरून ऊठबस, सुरुवातीला हात टेकून. चूल तिने सोडली नाही, पण उकिडवं बसण्याऐवजी पिढं घेतलं.

करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळलं, तर घाबरायचं नाही. पण टोंगळा सुजून गरम झाला, मध्येच अडकायला लागला, रात्री झोपू देईना, किंवा पायाला मुंग्या येऊन जोर गेला, तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. आणि ती वेदनेची गोळी! रोज सकाळी चहाबरोबर एक, हे इथे सर्रास चालतं. वैशाखाच्या उन्हात, अंगातलं पाणी आटलेलं असताना, ही गोळी किडनीवर बसू शकते. माझ्या घरात ती दोन वर्षं मुठीने खाल्ली गेली, म्हणून बोलतो.

अजून एक. स्नायू नुसत्या दाबण्याने भरत नाही, त्याला प्रथिनं लागतात. तूर आपल्याच वावरात होते. वरण मात्र आधी पुरुषांच्या ताटात जातं, आणि शेवटी बसणारीच्या वाट्याला पाणी. या घरात आता वरणाची वाटी आधी वाढून झाकून ठेवतात. दादाने केलेलं हे सगळ्यात मोठं काम.

दुसरं काम त्याने केंद्रात केलं. प्रिंटर टेबलावरून उचलून समोरच्या भिंतीला नेला. आता दर सातबाऱ्याला त्याला उठावं लागतं. मी दुपारभर मोजलं, एकेचाळीस वेळा उठला. लोक म्हणतात हा येडा झाला.

आबाजींना आम्ही काही शिकवलं नाही. देवळात घंटा वाजवून झाली की खांब धरून एका पायावर उभे राहतात, दहा मोजेपर्यंत. पुजाऱ्याला वाटतं नवस आहे.

[पुन्हा वावर. फेब्रुवारी. फरदडीचा, म्हणजे हंगामानंतर राखलेल्या पऱ्हाटीचा, विरळ कापूस.]

सात आठवडे झाले. मोठी आई ओट्यावरून अकरा वेळा उठते. बारावी अजून होत नाही. टोंगळे दुखायचे थांबलेले नाहीत. पण पहाटेचं 'हे माय' आता रोज ऐकू येत नाही.

वेचताना ती एक गोष्ट करते. तास, म्हणजे पऱ्हाटीची एक ओळ, संपलं की दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि मागे झुकायचं, आभाळ दिसेपर्यंत. तीनदा. पाव मिनिटाचं काम. पहिल्या दिवशी शेजारच्या बाईने विचारलं, "वरतं काय पाहून रायली वं?"

व्यायाम म्हणायची तिला लाज वाटली.

"विमान," ती म्हणाली.

[रांगेतल्या सगळ्या बायका एकेक करून कंबर सरळ करतात, कपाळावर हात धरून वर बघतात. आभाळ निरभ्र. विमान नाही.]