हाताला माती लागू द्या

(दृश्य: पहाट. ओली जमीन, तिच्यावर उघडी पावलं.)

श्वास घेतला की वायू भेटतो. दिवा लावला की अग्नी, ओंजळ भरली की जल, मान वर केली की आकाश. पृथ्वी तर सदैव पायाखाली. पण तिच्यात आणि आपल्यात चप्पल असते, फरशी असते, डांबर असतं.

अंथरुणातून उठल्यावर जमिनीला पाय लावण्याआधी म्हणायचा श्लोक अनेकांना पाठ असतो. ‘समुद्रवसने देवि’ अशी सुरुवात, आणि शेवटी मागणं एकच: ‘पादस्पर्शं क्षमस्व मे’, म्हणजे माझ्या पायाचा स्पर्श होतो, क्षमा कर. तो घाईघाईत पुटपुटू नये. आधी तळहात जमिनीला टेकवावा, तिचा गारवा हाताला कळू द्यावा, मग पाऊल टाकावं.

(दृश्य: मूठभर माती नाकाजवळ.)

तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या ग्रंथात अन्नंभट्टांनी पृथ्वीचं लक्षण दोन शब्दांत सांगितलं आहे: ‘गन्धवती पृथिवी’. गंध हा तिचा खास गुण; जल, तेज, वायू यांच्यात तो नाही. म्हणूनच या तत्त्वाची साधना नाकापासून सुरू करावी असं आम्ही म्हणतो. पहिल्या पावसाच्या वासात जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू ते तयार करतात, आणि हवेच्या एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. मातीशी आपली एवढी जवळीक मुळातच आहे. मूठभर माती ओलवा, डोळे मिटा, आणि वास विरेपर्यंत स्वस्थ बसा.

(दृश्य: परात, चाळणी, माती मळणारे हात. लांब शॉट.)

ही पार्थिव लिंगाची, म्हणजे मातीच्या शिवलिंगाची तयारी. स्वच्छ जागेची माती घ्यायची. आधी खडे वेचायचे, काड्या काढायच्या, मग चाळायचं. पाणी एकदम ओतायचं नाही, शिंपडत जायचं. जास्त झालं तर गोळा हाताला चिकटतो, कमी पडलं तर भेगा जातात. किती पाणी हवं हे बोटांनाच कळतं, आणि कळायला वेळ लागतो. तो वेळ हीच साधना. मळता मळता टोचणारे कण मऊ लागू लागतात, खांदे सैल पडतात. मग अंगठ्याएवढा आकार, त्यावर बेलाचं पान, आणि पूजा.

विसर्जन त्याच दिवशी. उद्या पुन्हा नवी माती.

जे घडवलं ते टिकवायचं नाही, या उपासनेतली ही गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. आपलं शरीरही असंच मातीचं: आयुर्वेदातली चरकसंहिता आपली हाडं, दात, नखं, केस यांनाही पार्थिवच म्हणते.

(दृश्य: पाण्यात विरघळणारं लिंग. इथे निवेदन नाही.)

(दृश्य: कांचीपुरमच्या एकाम्रेश्वर मंदिराचं गोपुर.)

दक्षिणेत पाच महाभूतांची पाच शिवस्थानं आहेत. त्यातलं पृथ्वीचं हे. पार्वतीने आंब्याच्या झाडाखाली वाळूचं लिंग घडवलं, नदीला पूर आला तेव्हा ते कवटाळून धरलं, अशी इथली कथा. त्या लिंगावर आजही पाण्याचा अभिषेक करत नाहीत.

(दृश्य: कुदळीचा घाव, उकरलेली माती, गांडूळ.)

अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातल्या पृथ्वीसूक्तात 63 मंत्र आहेत. त्यातला एक खणणाऱ्यासाठी आहे. हे भूमी, तुझं जे मी खणतो ते लवकर भरून येवो, तुझ्या मर्मावर, तुझ्या हृदयावर माझा घाव न बसो. कुंडीत रोप लावताना, आळं करताना एवढं मनात म्हणून मगच खुरपं घालावं. सुपीक मातीचा सेंटिमीटरभर थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, आणि झाडझाडोरा गेलेल्या उतारावरून तो काही पावसाळ्यांत वाहून जातो.

(दृश्य: खिडकीतली कुंडी, हात.)

अंगण नसलं तरी कुंडीतली माती चालते. तिच्यात रासायनिक खत नुकतंच घातलेलं नसावं. हाताला जखम असेल तर त्या दिवशी मळू नका, कारण धनुर्वाताचे जिवाणू मातीतच असतात. मळून झाल्यावर नखं घासून हात धुवा, आणि विसर्जनाचं पाणी मोरीत न ओतता झाडाच्या मुळाशी घाला.