उभयचर गाडीचा टायर : चिखल, पाणी आणि तीन पौंड हवा

मंडळी, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ आहेत. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला पुन्हा तेच झालं, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या शेवटी मला एक प्रश्न हमखास येतो. सहा किंवा आठ चाकांची, जमिनीवर चालणारी आणि पाण्यात तरंगणारी गाडी घ्यायची म्हटली, तर तिला टायर कुठले लावायचे?

आधी ही गाडी कशाला हवी ते बघू, कारण टायर त्यावरच ठरतो. भरलेल्या पुरात बोट चालते आणि बोटीचं काम बोटीनेच करावं. अडचण येते ती पाणी चढताना आणि ओसरताना. प्रयाग चिखली, आंबेवाडी, नृसिंहवाडी, कुरुंदवाड, कुठल्याही पूरगावचं माणूस सांगेल : पाणी गुडघाभर उरतं, बोट तळाला घासते, ट्रॅक्टर निम्म्या एक्सलपर्यंत रुततो आणि पलीकडच्या वस्तीवर म्हातारं माणूस औषधासाठी अडकलेलं असतं. ते दोन-तीनशे फूट ही या गाडीची खरी जागा. म्हणजे गाडी पाण्यातली असली तरी तिची परीक्षा चिखलात होते. टायर चिखल बघून निवडा आणि मग तो पाण्यात कसा वागतो ते तपासा, हे माझं आजचं सांगणं आहे. बरेच लोक नेमकं उलटं करतात. काही जण तर फोटोत टायर किती राक्षसी दिसतो यावरच थांबतात.

कॅनडात १९६७ पासून बनणारी आर्गो ही या जातीची सगळ्यांत ओळखीची गाडी. तिच्यासारख्या बहुतेक गाड्यांना स्प्रिंग नसतात, पाण्यासाठी पंखा नसतो, सुकाणू नसतं. डावीकडची सगळी चाकं चेनने एकत्र बांधलेली, उजवीकडचीही तशीच. एक बाजू मंद केली की गाडी त्या बाजूला वळते. त्यामुळे टायरच स्प्रिंग, टायरच वल्हं आणि काही प्रमाणात टायरच तराफा. आपल्या लष्कराने घेतलेली एटॉर एन १२०० ही याच कुळातली मोठी गाडी, शेर्प या गाडीवर बेतलेली. २०२५ च्या पंजाबच्या पुरात ती अमृतसर भागात माणसं काढताना सगळ्या देशाने पाहिली. तिचे टायर जवळपास माणसाएवढे उंच आहेत. शेर्पमध्ये तर इंजिनच्या धुरानेच टायर फुगवायची सोय असते. चालकाने बसल्या जागेवरून हवा कमी-जास्त करायची ही कल्पना तशी जुनी आहे. १९४२ च्या अमेरिकन डक या उभयचर लष्करी ट्रकात ती होती : मऊ वाळूत हवा सोडायची, पक्क्या रस्त्यावर भरायची.

आणि हवा हाच या विषयाचा गाभा आहे. मोटारीत आपण ३०-३२ पौंड हवा भरतो, भरलेल्या ट्रकमध्ये १०० च्या पुढे. या लहान उभयचर गाड्यांच्या टायरात ती साधारण ३ ते ५ पौंड असते. टायर जमिनीवर जो दाब टाकतो तो आतल्या हवेच्या आसपासच असतो, थोडा जास्त, कारण टायरच्या भिंतीही काही वजन पेलतात. आता हिशेब करा. माणसांसकट गाडी १००० किलो, चाकं आठ, म्हणजे चाकाला १२५ किलो. मऊ टायर जमिनीवर २५ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद टेकला, तर चौरस सेंटिमीटरला २०० ग्रॅम भार पडतो. ७० किलोचा माणूस चालताना एका पायावर येतो तेव्हा हाच भार ३५० ते ४०० ग्रॅम होतो. जिथे तुमचा पाय रुततो तिथून ही गाडी वरच्यावर जाते, ती या आकड्यांमुळे. टायर कितीही महागाचा आणा, त्यात १२ पौंड हवा भरलीत तर हा फायदा गेला.

पण एवढी कमी हवा मोजायची कशाने? पंपावरच्या काट्याला ३ आणि ५ मधला फरक कळतच नाही. ० ते १० पौंडांचा वेगळा गेज घ्या, तो टायरइतकाच महत्त्वाचा आहे. थंड पाण्याचा परिणामही ध्यानात घ्या. उन्हात तापून ४५ अंशांवर गेलेल्या टायरात ३ पौंड हवा असेल आणि गाडी २५ अंशांच्या पाण्यात उतरली, तर ती २ पौंडांच्या आसपास येते. मोटारीच्या ३२ पौंडांत एवढा फरक कुणाला जाणवणार नाही, इथे तिसरा हिस्सा गेला. शिवाय पाणी बाहेरून दाबतं : अर्ध्या मीटर खोलीवर पाऊण पौंडाच्या जवळपास. अशा ढिल्या टायरची कड वळताना रिमवरून सरकते, फटीत चिखल शिरतो आणि मग हवा धरतच नाही. म्हणून हवा भरायची ती टायर सावलीत निवल्यावर, आणि पाण्यात उतरायचं तर तळाच्या आकड्यापेक्षा पौंडभर वर ठेवून. कड धरून ठेवणारी रिम परवडत असेल तर जरूर घ्या.

आता नक्षीकडे येऊ. चार चाकांच्या क्वाड बाईकला चिखलासाठी दीड-दोन इंच उंच लगांचे, म्हणजे टायरवर उठलेल्या जाड रबरी दात्यांचे, टायर लावतात. इंजिन तगडं, पोट उंच, टायर चिखल खणत खाली जातो आणि कठीण तळ सापडला की गाडी ओढून काढतो. आठ चाकांच्या गाडीला हे लागू करू नका. तिचं पोट म्हणजे सपाट तळाचा टब, जमिनीपासून वीतभर उंच. लग खणायला लागले की टब चिखलावर टेकतो, चाकांवरचं वजन जातं आणि सगळी चाकं नुसती फिरत राहतात. चिखल टबाला खालून असा धरतो की ट्रॅक्टरलाही ओढताना घाम फुटतो. या गाडीने चिखलावरून जायचं आहे, चिखलात शिरायचं नाही. इंचभर उंचीचे, एकमेकांपासून लांब बसवलेले लग मला पुरेसे वाटतात.

लांब बसवलेले का, तर आपल्या मातीमुळे. शिरोळ, हातकणंगलेकडची नदीकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला चिकटते ती सुटत नाही. दाट नक्षीचा टायर दहा फुटांत भरून गुळगुळीत होतो. वेगात फिरणारं चाक माती झटकून टाकतं, पण ही गाडी चालते सावकाश. मग माती कशाने पडणार? टायरच्या लवण्याने. कमी हवेचा पातळ टायर प्रत्येक फेऱ्यात चेपतो, पुन्हा उघडतो आणि लगांमधली माती सैल होते. हवा इथेही कामाला आली.

पश्चिमेकडे गोष्ट वेगळी. पन्हाळा, गगनबावड्याकडे जांभा आहे. वर वीतभर लाल राड आणि खाली कठीण. तिथे अरुंद आणि जरा उंच लगांचा टायर खाली जाऊन धरतो, ते चालेल. म्हणून शिरोळच्या माणसाने गगनबावड्याच्या माणसाला विचारून टायर घेऊ नये. आपल्या शिवारात पहार खुपसून बघा : कठीण तळ टबाच्या उंचीच्या आत लागतो की नाही. लागत नसेल तर रुंद टायर, दुसरा विचार नको.

भातपट्ट्यात चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी चाकं, लावतात, ती आपल्या उद्यमनगरात हवी तशी बनवून मिळतात आणि काम चोख करतात. ती या गाडीला लावायचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. भाताच्या खाचरात खाली घट्ट थर असतो, ट्रॅक्टरचा भार तो पेलतो. इथे तळ नाही. शिवाय लोखंडात हवा नाही, पाण्यात ते फक्त ओझं. तसंच टायरमध्ये पाणी भरायचं. ट्रॅक्टरची पकड वाढवायला आपण सर्रास भरतो. इथे मात्र चुकूनही नको. २५ इंच उंच, १२ इंच रुंद आणि ९ इंची रिमचा टायर साधारण ८० लिटरचा असतो. पाऊण भरला तर एका चाकाला ६० किलो, आठांना ४८० किलो. तेवढ्या वजनाची सहा-सात माणसं तुम्ही गाडीतून उतरवलीत असं समजा. उलट हवेने भरलेले आठ टायर मिळून ६०० लिटरच्या वर पाणी हटवू शकतात. टबात कुठून पाणी शिरलंच, तर माणसांना काठ गाठायला वेळ मिळतो तो याच्या जोरावर.

पाण्यात टायर वल्ह्यासारखा चालतो, म्हणजे आडवे लग पाणी मागे ढकलतात. पण चाक गोल आहे. त्याचा खालचा अर्धा भाग पाणी मागे ढकलतो, वरचा अर्धा पुढे. वरचा भाग पाण्याबाहेर किंवा चाकाच्या कमानीत झाकलेला राहिला तरच गाडी सरकते. जास्त माणसं बसवली, गाडी खोल बसली, की वरचा भागही पाण्यात येतो आणि खालच्याचं काम खोडून काढतो. मग चालक ॲक्सिलरेटर दाबतो, फवारे उडतात, गाडी जागेवर. भार कमी करणं हा एकच उपाय. लगांचं टोक मात्र टायरच्या खांद्यावर फार धारदार नको, कारण ही गाडी वळते तेव्हा चाकं आडवी घसरावी लागतात. खांद्याने जमीन घट्ट धरली की ताण चेनवर आणि बेअरिंगवर जातो. गोल खांद्याचा टायर वळायला हलका.

आठही टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे हवेत. एका बाजूची चाकं चेनने बांधलेली, सगळी सारख्याच फेऱ्यांनी फिरणार. त्यात एक नवा आणि तीन झिजलेले असतील तर ते एकमेकांशी झगडतात आणि चेन खातात. परिघाला टेप लावून मोजा. दोन बाजूंच्या हवेत फरक असेल तर गाडी एका अंगाला ओढते, पाण्यातही.

पंक्चरचं काय? पूर ओसरलेल्या रानात उसाचे बुडखे, बाभळीचे काटे, पत्रे, तारा, सगळं राडीखाली दडलेलं असतं. जाड, सहा प्लायचा (म्हणजे थरांचा) टायर टिकतो, पण लवत नाही, म्हणजे वर सांगितलेला निम्मा फायदा गमावतो. मी मधला मार्ग घेईन : चार प्लाय, ट्यूबलेस, आत छिद्र बुजवणारं सीलंट आणि गाडीत पंक्चरचं किट व बॅटरीवरचा छोटा कॉम्प्रेसर. रबरी पट्टे टायरवर चढवता येतात, दाब आणखी कमी होतो, पण वजन आणि खर्च दोन्ही वाढतात. आपल्या गरजेला मला ते आवश्यक वाटत नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. साचलेल्या पाण्यात टायरच्या जोरावर ही गाडी ताशी ४-५ किलोमीटर जाते. वाहतं पाणी सेकंदाला २ मीटर असेल तर तेच ताशी ७ किलोमीटरच्या वर झालं. कुठलाही टायर, कितीही महागाचा, तिला त्या धारेविरुद्ध नेणार नाही. फुगवट्याचं, शेतात पसरलेलं थांबलेलं पाणी तिचं. नदीचं पात्र, ओढा, पुलाजवळची ओढ तिची नाही. तिथे दोर आणि जवानांची बोटच.

गाडी आणलीत तर मे महिन्यातच एखाद्या शेततळ्यात पूर्ण भार घालून उतरवा. लाईफ जॅकेट घाला आणि काठावर दोर धरून दोघं उभे राहू द्या. रिकामी गाडी कुठपर्यंत बुडते आणि भरलेली कुठपर्यंत, दोन्ही रेषा टबावर रंगाने मारा, आणि भरलेल्या रेषेच्या वर पाणी गेलं की एक माणूस उतरवायचा हे चालकाशी आधीच ठरवून ठेवा. आता तुमचे प्रश्न घेतो. पहिल्यांदा शिरोळच्या मंडळींचे, त्यांचं रान आधी भरतं.