पोटातला गोळा आणि पिशवीचं ऑपरेशन

डॉक्टर फायब्रॉइड म्हणतात, आपल्याकडच्या बाया सरळ सांगतात, पोटात गोळा झालाय. गर्भाशयाच्या, म्हणजे पिशवीच्या, स्नायूत वाढणारी ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, कित्येकींना तर कळतही नाही, पण एखादीची वाढतच जाते आणि पोट पुढं आलं की आधी गॅस म्हणायचं, मग चरबी, शेजारीण विचारते दिवस गेलेत का, तोवर पाळीत एवढं जातं की हिमोग्लोबिन पाच-सहावर. साधारण साडेअकरा किलोच्या वर गेलेल्या गाठीला जायंट म्हणतात, आणि जगात 45 किलोच्या आसपासची गाठ काढून बाई वाचल्याचीही नोंद आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात काय किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात काय, एवढा गोळा घेऊन आलेल्या बाईला कोणी लगेच टेबलावर घेत नाही. आधी रक्त भरायचं, सोनोग्राफी, एमआरआय, आणि किडनी सुजलीय का ते बघायचं, कारण गोळा किडनीतून खाली येणारी लघवीची नळी दाबतो, कधी जागेवरून पार बाजूला ढकलतो आणि ऑपरेशनात तीच कापली जायची भीती असते. उताणं झोपवलं की सगळं वजन मागच्या मोठ्या शिरेवर येतं, बीपी धाडकन उतरतं, म्हणून भूल देणारे डॉक्टर तिला डावीकडं थोडं कलवून ठेवतात. चिरा उभा, बेंबीच्याही वर जाणारा. मूल हवं असेल तर पिशवी राखून नुसती गाठ सोलून काढता येते, पण रक्त जास्त जाऊ शकतं, गाठ परतही येऊ शकते, आणि पिशवी काढायचीच असेल तरी चांगली अंडाशयं ठेवता येतात, हे बाईला सही घ्यायच्या आधी, तिच्या भाषेत सांगायलाच पाहिजे.

सांगायलाच पाहिजे, कारण हा मराठवाडा आहे. 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीडच्या 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, कॅन्सर होईल अशी भीती घातली होती असं कितीतरी जणींनी सांगितलं. असं ऐकल्यावर जिच्या पोटात खरंच गोळा आहे ती दवाखान्याची पायरी कशी चढणार?

काढलेला गोळा तपासणीला जातो, तो रिपोर्ट आणायला बाईनं जायलाच हवं. आणि पुढचे सहा आठवडे जड उचलायचं नाही, उसाची मोळी तर नाहीच, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असली तरी नाही.