हातभर अंतर

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी तिघांनी एकच प्रश्न विचारला: कॅमेऱ्यावर लावायला स्वस्तात कुठला माइक घेऊ? नाव सांगतो, मॉडेलसकट सांगतो. पण त्याआधी थोडा वेळ द्या. हाच प्रश्न घेऊन मी एकदा तापकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो होतो. माइक मिळाला, आवाज मिळाला नाही.

माझी आजी मुळशीकडची. जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ होत्या. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी आपल्याच पुणे जिल्ह्यात हिंडून बायकांच्या ओव्या जमवायला सुरुवात केली, तो संग्रह लाखाच्या वर गेला. आपल्या घरातल्या चार-दोन तरी आपण टिपाव्यात म्हणून मी गावाहून जातं आणलं, सदाशिव पेठेतल्या आमच्या माजघरात मांडलं आणि कॅमेऱ्यावर नवा माइक चढवला. जातं, आजी आणि मागचं देवघर, सगळं एका चौकटीत हवं होतं, म्हणून कॅमेरा आठ फुटांवर ठेवला. चित्र सुरेख आलं. आवाजात पंखा आहे, खालच्या रिक्षा आहेत, भिंतींवरून परतलेला घुमारा आहे, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी आजी आहे. तिसऱ्या ओवीचे शब्द मला आजही लागत नाहीत. विचारायला ती आता नाही.

माइक वाईट नव्हता. अंतर वाईट होतं. तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) उतरतो. एका फुटावरून दोन, दोनावरून चार, चारावरून आठ. म्हणजे अठरा डेसिबल गेले. खोलीतला घुमारा आणि पंखा मात्र कुठेही उभे राहा, जवळपास तेवढेच असतात. मग आपण आवाज वाढवतो आणि पंखासुद्धा वाढतो.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, "मग शॉटगन, म्हणजे तो लांब नळीचा माइक घेतो, तो लांबचा आवाज खेचतो." नाही हो, कुठलाच माइक आवाज खेचत नाही. शॉटगनच्या नळीला बाजूने खाचा असतात, त्यामुळे कडेने येणारा आवाज आतल्या आत कापला जातो, एवढंच. नळी आखूड असेल तर हा परिणाम फक्त वरच्या पट्टीच्या आवाजांवर होतो. आणि गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती असलेल्या आपल्या फ्लॅटमध्ये परतलेला आवाज समोरूनही येतोच, त्याला तो कसा अडवणार? मोकळ्या मैदानात शॉटगनचा उपयोग आहे. दिवाणखान्यात त्याच्यावर पैसे घालू नका.

आता नावं. बोया कंपनीचा बीवाय-एमएम-वन हा छोटा माइक घ्या. त्याला बॅटरी लागत नाही, कॅमेराच वीज पुरवतो, आणि कॅमेऱ्याची आणि मोबाइलची अशा दोन्ही वायरी सोबत येतात. थोडे जास्त पैसे असतील तर रोडचा व्हिडिओमायक्रो. एकटा माणूस बसून बोलणार असेल तर या दोन्हींपेक्षा बोयाचा बीवाय-एम-वन हा कॉलर माइक बरा. वायर सहा मीटर आहे, आणि माइक छातीवर असतो, म्हणजे अंतराचा प्रश्नच मिटला.

घेण्याआधी कॅमेऱ्याला माइकचं भोक आहे का ते बघा. कॅननच्या १५००डीला ते नाही, निकॉनच्या डी३५००लाही नाही. पिनही बघा. कॅमेऱ्याच्या पिनवर दोन काळ्या रेघा असतात, मोबाइलच्या पिनवर तीन. चुकीची पिन घातली की आवाज येत नाही किंवा खरखरतो, आणि बिचाऱ्या माइकला दोष लागतो.

कॅमेऱ्यातली आपोआप आवाज सांभाळणारी सोय, ऑटो गेन, बंद करा. हे मी कळकळीने सांगतो. आजी दोन ओव्यांच्या मध्ये श्वास घेते, तेवढ्यात कॅमेऱ्याला वाटतं आवाज कमी झाला, आणि तो फसफस वर उचलतो. पुढचा शब्द आला की दाबतो. सगळं गाणं धापा टाकल्यासारखं ऐकू येतं. पातळी हाताने लावा. सगळ्यात मोठा आवाज कॅमेऱ्यातल्या आवाजाच्या पट्टीवर उणे बारा डेसिबलच्या आसपास पोचला की पुरे. कानाला साधे हेडफोन लावा. ज्या कॅमेऱ्याला हेडफोनची सोय नाही, त्यात आधी अर्ध्या मिनिटाचा तुकडा घेऊन ऐका.

सिंहगडावर जाणार असाल तर माइकला केसाळ टोपी हवीच. काळा स्पंज फुंकरीपुरता असतो, गडावरच्या वाऱ्याला तो पुरत नाही. वाऱ्याने फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. ढोल-ताशा पथकाचं एवढंच: लांब उभे राहा.

आणि ज्यांच्याकडे आत्ता एक रुपयाही नाही, त्यांनी मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून तो आजीच्या पदराशी, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा. नंतर चित्रातली टाळी आणि मोबाइलमधली टाळी जुळवली की झालं. तास-तासभर सलग घेऊ नका, दोन यंत्रांची घड्याळं हळूहळू सरकतात. माइक असेल तर तीन मीटरची जोडवायर घ्या आणि तो कॅमेऱ्यावरून काढून काठीला बांधून चौकटीच्या जरा वर धरा. कॅमेऱ्याचा माइक कॅमेऱ्यावरच असला पाहिजे असं कुणी सांगितलंय?

गेल्या दिवाळीत आत्या आली होती. तेच जातं, तीच खोली, तोच माइक. पंखा बंद, खाली दोन गोधड्या, माइक काठीला बांधून हातभर अंतरावर. तिला त्यातल्या दोनच ओव्या येतात, तिसरी तिलाही आठवत नाही. आधी आजीचा तुकडा लावतो, मग आत्याचा. वरचे पंखे जरा बंद करा. मागच्या रांगेतल्यांनी पुढे येऊन बसा.